सरकारी खुर्चीला लायसन्स लागतं का?

घराच्या नकाशाची फाइल कधी हातात आली तर नकाशाचा खालचा उजवा कोपरा बघा. तिथे एक शिक्का असतो : इंजिनिअरचं नाव, लायसन्स नंबर आणि मुदत. सोबत आरसीसी डिझाइन करणाऱ्याचा दुसरा शिक्का. हे नंबर नसतील तर फाइल आवकमध्येच अडते. असतील तर आत जाते. कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन टेप लावतो, उपअभियंता शेरा मारतो, वरचे साहेब सही करतात. या तिघांच्या सह्यांखाली हुद्दा असतो, नंबर कुठेच नसतो.

मी गेली एकवीस वर्षं अशा नकाशांवर शिक्का मारतोय. माझं लायसन्स मला नगरपालिका देते, कारण राज्याच्या बांधकाम नियमावलीत (मुंबई सोडून बहुतेक भागाला २०२० पासून लागू असलेल्या) नकाशा सादर करणारा माणूस एकतर नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा पालिकेचा परवानाधारक असावा, असं लिहिलंय. म्हणजे मला लायसन्स देणाऱ्या कार्यालयात माझं काम तपासणाऱ्या इंजिनिअरला लायसन्स लागत नाही. यात कुणी काही चोरून करत नाही, कायदाच तसा आहे. पण जोत्याचा दाखला घ्यायला गेलेल्या एका घरमालकाने मला विचारलं, "तुमचा नंबर आहे, त्यांचा का नाही हो?" आणि मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. म्हणून हा लेख. एक आधीच कबूल करतो : मी लायसन्सवाल्यांच्या बाजूचा आहे, तेव्हा माझं म्हणणं थोडं पारखूनच घ्या.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू. आपण त्यांचा हमखास गोंधळ घालतो. पदवी सांगते की हा माणूस शिकलाय. भरती परीक्षा सांगते की अर्ज केलेल्यांत याचे गुण जास्त आले. दोन्ही एकदाच मिळतात आणि कायमच्या असतात. लायसन्स निराळं. ते देणारा मालकाहून वेगळा असावा लागतो, ते ठरावीक काळाने नवं करावं लागतं आणि मुख्य म्हणजे ते काढून घेता येतं. नोकरी राहूनही लायसन्स जाऊ शकतं आणि नोकरी सुटली तरी लायसन्स राहू शकतं. आता मीच म्हटलं की देणारा मालकाहून वेगळा हवा. मी पालिकेचा नोकर नाही, म्हणून माझ्यापुरती ती अट पुरी होते. पालिकेने आपल्याच अभियंत्यांना लायसन्स वाटायला सुरुवात केली तर ती पुरी होणार नाही. हा मुद्दा पुढे परत लागेल.

सरकारी नोकरीत हे कुठे लागतं आणि कुठे नाही, हे बघायला गेलं की एकच एक उत्तर सापडत नाही. एसटीचा ड्रायव्हर घ्या. महामंडळ सरकारचं, गाडी सरकारची, तरी त्याला अवजड वाहनाचं लायसन्स लागतं आणि वर प्रवासी वाहतुकीचा बिल्ला. आपल्याला यात नवल वाटत नाही. पण १९२० साली अमेरिकेत नेमका हाच वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. टपाल खात्याचा एक ड्रायव्हर मेरीलँड राज्यातून टपालाचा ट्रक नेत होता. राज्याचं लायसन्स नाही म्हणून त्याला पकडलं आणि दंड केला. न्यायालयाने दंड रद्द केला. केंद्र सरकारचं काम करणाऱ्या माणसाला ते काम करायच्या आधी राज्याकडून परवाना घ्यायला लावता येणार नाही, तो लायक आहे की नाही ते त्याचं खातं ठरवेल, असं न्यायालयाचं म्हणणं. 'खातं ठरवेल' हा विचार लक्षात ठेवा. आपल्याकडच्या बिननंबरी सह्यांच्या मुळाशीही तोच आहे.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र आपला कायदा खात्यावर विसंबत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा २०१९, कलम ३४ : ज्याचं नाव राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाही त्याला वैद्यकीय व्यवसाय करता येणार नाही, आणि डॉक्टरसाठी असलेलं कोणतंही पद, नाव काहीही असो, धारण करता येणार नाही. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मेडिकल ऑफिसरचंही नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत असतं आणि दर पाच वर्षांनी परिसंवाद-प्रशिक्षणांचे ३० क्रेडिट पॉइंट दाखवून त्यालाही नूतनीकरण करावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यात तीन दिवस पोस्टमॉर्टेम करणाऱ्याने परिसंवादाला जायचं कधी, हा प्रश्न आहेच. पण नियम त्याला सोडत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांचंही तसंच. १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा सरकारी पदासाठीही नोंदणी मागतो. मात्र त्याच कायद्यात एक खिडकी ठेवलेली आहे : किरकोळ सेवा नोंदणी नसलेल्या माणसाकडून, नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली करून घ्यायची मुभा राज्याला आहे. आपले श्रेणी दोनचे पशुवैद्यकीय दवाखाने या खिडकीवरच उभे आहेत. तिथे पदविकाधारक असतो. कागदावर त्याच्यावर देखरेख असते. प्रत्यक्षात गाभण गाय अडलेली असते, रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि देखरेख करणारे साहेब तीस किलोमीटरवर असतात. अशा वेळी कायदा 'किरकोळ' कशाला म्हणतो, हे गोठ्यात कंदील धरून उभ्या असलेल्या माणसाला विचारू नका.

वकिलांचं तर उलटंच. सरकारी खात्यात विधी अधिकारी म्हणून पूर्णवेळ पगारावर लागलात की बार कौन्सिलच्या नियमानुसार सनद स्थगित करावी लागते. लायसन्स आहे म्हणून नोकरी मिळते आणि नोकरी मिळाली म्हणून लायसन्स बाजूला ठेवावं लागतं. कारण दिलं जातं ते स्वातंत्र्याचं : पगारी माणूस मालकापुढे ताठ मानेने सल्ला देऊ शकत नाही, आणि वकिलाने तर तो द्यायलाच हवा. सरकारी अभियोक्ते यातून वाचतात, कारण ते प्रत्यक्ष कोर्टात उभे राहतात. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. न्यायाधीशांबद्दल तर मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने जुनी अट परत आणली : कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर आधी किमान तीन वर्षं वकिली केलेली हवी. नुसती सनद पुरत नाही, ती वापरलेली हवी. मला ही अट आवडते, जरी गावाकडच्या मुलींना ती जड जाणार हे दिसतंय. घरातून तीन वर्षं बिनकमाईची मिळणं सोपं नसतं.

आर्किटेक्टचा किस्सा सगळ्यात मजेदार. १९७२ चा वास्तुविशारद कायदा संरक्षण कशाला देतो, तर नावाला. नोंदणी नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. नोएडा प्राधिकरणात 'असोसिएट आर्किटेक्ट' या पदावर नोंदणी नसलेल्यांना बढती द्यायची की नाही यावरून वाद झाला आणि मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : हा कायदा कुणाला ते काम करण्यापासून अडवत नाही, फक्त ती पदवी लावण्यापासून अडवतो. तेव्हा तुम्हाला बिगरनोंदणीचा माणूस बसवायचाच असेल तर बसवा, पण पदाच्या नावातून 'आर्किटेक्ट' काढा. खुर्ची तीच, माणूस तोच, फक्त पाटी बदला.

आणि आम्ही इंजिनिअर? आमच्यासाठी देशभर लागू होणारा असा कायदाच नाही. मसुदे बरीच वर्षं फिरतायत, २०२५ मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनेही एक सूचनांसाठी पुढे ठेवला. तोवर खासगी इंजिनिअरला पालिकेचं लायसन्स आणि सरकारी इंजिनिअरला नेमणुकीचा आदेश. नदीवरच्या पुलाला तांत्रिक मान्यता देणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याही नोंदवहीत नसतं, आणि दोन खोल्यांच्या घराचा नकाशा काढणाऱ्याचं असावंच लागतं.

'खातं ठरवेल' हे म्हणणं वाटतं तितकं वेडगळ नाही. सरकारी काम एका माणसाचं नसतं. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत लिहितो, उपअभियंता तपासतो, कार्यकारी अभियंता मान्यता देतो, वर डिझाइन सर्कल, म्हणजे खात्याचं डिझाइनचं कार्यालय असतं. एकाची चूक दुसरा पकडेल अशी ती उतरंड. खासगी माणसाला अशी उतरंड नसते, म्हणून त्याला लायसन्स. ही मांडणी खरी चालली तर माझी तक्रार नाही.

ती कधी चालत नाही याचं सगळ्यात भयंकर उदाहरण लॉस एंजेलिसचं आहे. विल्यम मलहॉलंड हा त्या शहराच्या पाणीपुरवठा खात्याचा मुख्य अभियंता, म्हणजे पालिकेचा नोकर. कॉलेजची पायरी न चढता खात्यातच शिकत वर आलेला आणि साडेतीनशे किलोमीटरहून लांबच्या जलवाहिनीने शहराला पाणी आणून देव झालेला. कॅलिफोर्नियात १९१७ पासून धरणांवर राज्याची देखरेख होती, पण स्वतःचा अभियांत्रिकी विभाग असलेल्या पालिकांची धरणं तिच्यातून वगळली होती. सरकारला सरकारने काय तपासायचं! मलहॉलंडने सेंट फ्रान्सिस धरण बांधलं, मग बांधता बांधता त्याची उंची वाढवली. १२ मार्च १९२८ ला सकाळी गळती दिसली म्हणून त्याला बोलावलं. त्याने पाहिलं, काळजीचं कारण नाही म्हणाला आणि घरी गेला. त्याच रात्री बाराच्या आत धरण फुटलं. चारशेहून जास्त माणसं गेली. चौकशी करणाऱ्या ज्यूरीने लिहिलं की इतकं मोठं धरण एका माणसाच्या एकट्याच्या निर्णयावर कधीच सोडू नये, तो कितीही थोर असो. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने दोन कायदे केले : पालिकांच्या धरणांचीही तपासणी राज्याकडे आणि सिव्हिल इंजिनिअरांची नोंदणी.

यातलं पहिलं पाऊल मला दुसऱ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. मलहॉलंडकडे लायसन्स असतं तर धरण वाचलं असतं का? मला नाही वाटत. त्याला लायसन्स पहिल्या दिवशी आणि सन्मानाने मिळालं असतं. धरण वाचलं असतं ते बाहेरच्या कुणी खडक तपासला असता तर.

मग लायसन्सचा उपयोग काय? माझ्या मते दोन, आणि दोन्ही चूक झाल्यानंतरच्या किंवा चूक होण्याच्या अगदी आधीच्या क्षणाचे.

पहिला उपयोग तक्रारीच्या दाराचा. १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं खरं, पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती सरकारी रुग्णालयं त्यातून बाहेर राहिली. म्हणजे पैसे भरलेल्या रुग्णाला ग्राहक मंचाचं दार आहे, अशा रुग्णालयात फुकट उपचार घेतलेल्याला नाही. त्याच्यासाठी खात्याकडे अर्ज, नाहीतर कोर्ट, आणि तिसरं दार वैद्यकीय परिषदेचं. ते तिसरं दार डॉक्टरच्या नंबरमुळे उघडं आहे. इंजिनिअरच्या बाबतीत ते दारच नाही. राहते विभागीय चौकशी. ती खातं करतं, खात्यातल्याच माणसाची, आणि खात्याची अब्रू सांभाळून. त्यातून कर्मचारी निवृत्त झाला की पेन्शन नियम येतात. महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांत नियम २७ आहे : निवृत्तीनंतर नवी विभागीय चौकशी लावायची तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी नसावी. पेन्शनरला आयुष्यभर टांगणीवर ठेवू नये म्हणून हा नियम योग्यच आहे. पण स्लॅबला चार वर्षांत तडा जात नाही हो. तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसहून जास्त माणसं वाहून गेली. तेव्हा त्या धरणाचं वय फार तर दोन दशकांचं होतं. इतक्या वर्षांत कुठल्याही कामावरचे निम्मे सहीवाले घरी बसलेले असतात, किंवा कुठल्यातरी कंपनीचे सल्लागार झालेले असतात. लायसन्स असतं तर ते त्यांच्याबरोबर घरी गेलं असतं आणि सल्लागारीच्या कचेरीतही.

दुसरा उपयोग मला एका सरकारी मित्राने सांगितला. तो शाखा अभियंता. कॉलेजात माझ्यापेक्षा हुशार, मी त्याच्या वहीतून पास झालो. त्याच्या एका साइटवर पावसाळ्याच्या तोंडावर उद्घाटनाची तारीख ठरली होती आणि स्लॅबखालचे टेकू लवकर काढायला वरून सांगणं होतं. क्यूब टेस्टचा, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचा, अहवाल आलेला नव्हता. तो टाळाटाळ करत राहिला, आजारी पडला, अखेर अहवाल आला आणि प्रश्न मिटला. तो मला म्हणाला, "तुला काय, तू सांगू शकतोस की साहेब, माझं लायसन्स जाईल. मी काय सांगू? माझी बदली होईल, एवढंच ना? ती तर तेच करणारेत." हे ऐकेपर्यंत लायसन्सचा धाक लायसन्सधारकालाच असतो, असं मी धरून चाललो होतो. त्याच्यासाठी ते ढालीचं काम करणार होतं. वकिलाची सनद नोकरीत का टिकत नाही याचं बार कौन्सिलने दिलेलं कारण आठवा : पगारी माणूस ताठ राहू शकत नाही. मग ज्याच्या सहीवर पूल उभा राहतो त्याला ताठ राहायला काय दिलंय आपण?

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. परवाना देणारी मंडळं हळूहळू आपलं कुंपण राखू लागतात. ऑरेगॉन राज्यात सिग्नलचा पिवळा दिवा किती वेळ असावा याचं गणित चुकतंय, हे एका माणसाने शोधून काढलं. बायकोला सिग्नल तोडल्याची पावती आली होती, तिथून तो नादाला लागला. राज्याच्या इंजिनिअर मंडळाने त्यालाच ५०० डॉलर दंड केला : लायसन्स नसताना इंजिनिअरिंग केलं म्हणून. डिसेंबर २०१८ मध्ये संघीय न्यायाधीशाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकारची चूक दाखवणाऱ्याचं तोंड बंद करायला लायसन्स असं कामाला येतं.

आपल्याकडचं ताजं दुखणं टीईटीचं. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना २०१० पासून ही पात्रता परीक्षा लागू झाली : १५० प्रश्न, १५० मिनिटं, खुल्या वर्गाला ६० टक्के. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनही गेलेल्या प्रकरणांवर निकाल देताना, आधीपासून नोकरीत असलेल्यांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायला सांगितलं. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत सूट, पण बढती हवी तर परीक्षा द्यायचीच. माझी वहिनी जिल्हा परिषदेत बावीस वर्षं शिकवते. तिच्या हातून वाचायला शिकलेली मुलं आज डीएड करून तिच्याच शेजारी टीईटीच्या क्लासला बसतात. तिची चिडचिड परीक्षेवर कमी आणि 'बावीस वर्षं कुणी वर्गात येऊन बघितलं नाही' यावर जास्त आहे. मला तिचं पटतं. टीईटी हे लायसन्ससारखं दिसतं, पण लायसन्स नाही. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभराचं, नाव काढून टाकण्याची सोय नाही, तक्रारीचं दार नाही. नुसतं प्रवेशद्वार आहे, आणि प्रवेशद्वारावर गर्दी झाली की दलाल येतात. २०१९-२० च्या टीईटीत सात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल गैरप्रकाराचे निघाले आणि खुद्द परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त अटकेत गेले, हे विसरायला अजून वेळ आहे.

आणि नंबरवाला माणूस असला म्हणजे निभावलं, असंही नाही. मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी कोसळला, सात जण गेले. त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट आधी झालेलं होतं. बाहेरच्या ऑडिटरने पूल किरकोळ दुरुस्तीचा ठरवला होता आणि पालिकेच्या अभियंत्यांनी ते कागद तसेच घेतले. पुढे ऑडिटर आणि अभियंते दोघांनाही अटक झाली. एकाला वाटलं दुसरा बघेल, दुसऱ्याला वाटलं पहिल्याने बघितलंय.

तर मग लावावं की नाही? मी असं म्हणेन : सगळ्या सरकारी नोकऱ्यांना लायसन्स हा वेडेपणा आहे. महसूल सहायकाला, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, हिशेब तपासनिसाला कशाला? देशाच्या महालेखापरीक्षकालाही सीए असण्याची अट नाही आणि त्यावाचून काही अडलेलं नाही. पण ज्याच्या एकट्याच्या तांत्रिक सहीवर अनोळखी माणसांचा जीव अवलंबून आहे त्याला नंबर हवा. मान्यता देणाऱ्या अभियंत्याला हवा, मोजमाप घेणाऱ्याला नसला तरी चालेल. नोंदवही खात्याकडे नको आणि पालिकेकडेही नको. नोकरीत असलेल्यांना परीक्षेच्या दारात उभं करण्याऐवजी आर्किटेक्ट कायद्याने १९७२ मध्ये केलं तसं करावं : पाच वर्षं ते काम करत असलेल्यांना त्या कायद्याने नोंदवहीत यायची वाट ठेवली होती. नूतनीकरणाची फी सरकारने भरावी, नाहीतर ती ठेकेदार भरतील. आणि लायसन्स गेलं तर माणसाची नोकरी लगेच जाऊ नये, फक्त ती सही करायचं काम जावं. नाहीतर कुठलंच मंडळ कुणाचंच लायसन्स काढायला धजणार नाही.

शाखा अभियंता मित्राला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, आता डिझाइन आम्ही करतो कुठे, ते सल्लागार कंपनी करते, आम्ही फक्त कव्हरिंग लेटर लावतो. कंपनीच्या ज्या मुलाने गणित केलं त्याचं नाव मलाही माहीत नाही. मग माझ्या फाइलींचा विषय निघाला. माझं लायसन्स मार्चअखेर संपतंय, नूतनीकरणाचा अर्ज त्याच्याच ओळखीच्या टेबलावर गेला पंधरवडा पडून आहे. बघतो म्हणालाय.